उजनीच्या पाण्यासाठी १३ फुटी होडी घ्यावी की १८ फुटी?

हडपसरकर

नमस्कार. मी हडपसरला राहतो आणि एका खासगी कंपनीत हिशेबाचे काम पाहतो. आमचे गाव इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी आहे. गाव म्हणजे पुनर्वसनानंतर वसलेले. आजोबांचा मळा आणि जुने घर पाण्याखालीच आहे. माझा आतेभाऊ तिथे मासेमारी करतो. तो मच्छीमार संस्थेचा सभासद असून परवाना त्याच्याच नावावर आहे. त्याची पत्र्याची होडी आता तळाशी इतकी गंजली आहे की, दोनदा डांबर लावूनही पाणी झिरपते आणि त्याला एका हाताने जाळे सांभाळत दुसऱ्या हाताने डबा घेऊन पाणी उपसावे लागते. दुसऱ्या होडीचे निम्मे पैसे मी घालायचे, असे आमचे ठरले आहे.

फायबरच्या दोन वापरलेल्या होड्या आम्ही पाहून आलो. पहिली १३ फूट लांब, जास्तीत जास्त रुंदी ४ फूट २ इंच, काठाची उंची मध्यावर दीड फूट. ती वल्ह्यांवर चालते. मागे लहान इंजिन बसवता येईल अशी फळी आहे. दुसरी १८ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, काठ दोन फूट, आणि सोबत ८ अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे इंजिन. दुसरीची किंमत इंजिनासह पहिलीच्या अडीच पट होते.

भाऊ संध्याकाळी जाळी लावतो आणि पहाटे चारच्या सुमारास एकटाच जाऊन ती उचलतो. चिलापी सर्वांत जास्त, त्याखालोखाल रोहू आणि कटला, क्वचित मरळ. चांगल्या दिवशी पन्नास-साठ किलो मासळी मिळते आणि ती उजाडता उजाडता भिगवणच्या बाजारात पोहोचवावी लागते. मी शनिवार-रविवारी गावी जातो. मुलांना आणि वडिलांना होडीतून फिरवावे, जुन्या गावाची जागा वडिलांनी मुलांना दाखवावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. शिवाय हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला पुण्याहून पुष्कळ लोक कुंभारगावाकडे येतात. त्यांना नेऊन थोडे उत्पन्न मिळेल, असाही एक विचार आहे.

माझा कल १८ फुटीकडे आहे. भाऊ म्हणतो, “तू म्हणशील तसं.” लहानपणापासूनचा अनुभव असा की, त्याच्या तोंडी या वाक्याचा अर्थ होकार असा नसतो. मोठी होडी अधिक सुरक्षित असते, हा माझा समज बरोबर आहे का, आणि निवड करताना आणखी काय पाहावे, हे जाणकारांनी सांगावे.

संगमावरचा वल्हेकरी

आपला समज बरोबर आहे, पण तो पुरा नाही. मी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगमाजवळच्या बोट क्लबवर चार वर्षे वल्ही मारली आहेत. तिथल्या शर्यतीच्या नावा मुद्दाम लांब आणि अरुंद असतात. त्यांत नवखा माणूस बसला की पहिल्याच दिवशी नदीचे पाणी तोंडात जाते. लांबी आणि स्थिरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी पुस्तकाआधी नाकातोंडात पाणी गेल्यावर शिकलो.

होडी कलायला किती विरोध करते, हे मुख्यतः रुंदीवर ठरते आणि तेही रुंदीच्या घनाच्या प्रमाणात. लांबीचा परिणाम साध्या प्रमाणात होतो. आपली मापे घालून पाहिली तर (१३ गुणिले ४.१७ चा घन, आणि १८ गुणिले ५.५ चा घन) दुसरी होडी पहिलीपेक्षा सुमारे तिप्पट ताठ ठरते. मात्र जाळे काठावरून ओढणारा माणूस रुंद होडीत मध्यापासून अधिक दूर ओणवतो, त्यामुळे प्रत्यक्षातला फायदा तिप्पट न राहता अडीच पटीच्या आत येतो. तरीही तो मोठाच आहे. एक सूचना: १३ फुटी घेतल्यास जाळे बाजूच्या काठावरून न ओढता पुढच्या टोकावरून ओढावे. वजन होडीच्या मध्यरेषेवर राहते आणि कलण्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

आता भाराचे पाहू. पाण्याच्या पातळीवरचे होडीचे क्षेत्रफळ लांबी-रुंदीच्या गुणाकाराच्या पाऊणपट धरले, तर १३ फुटी होडी दर शंभर किलोंना साधारण पावणेतीन सेंटिमीटर बुडेल आणि १८ फुटी दीड सेंटिमीटर. भाऊ, ओली जाळी आणि साठ किलो मासळी मिळून पावणेदोनशे किलो धरले, तर लहान होडी पाच सेंटिमीटरही खाली जात नाही. म्हणजे भावाच्या रोजच्या कामासाठी लहान होडी भाराने अपुरी पडत नाही. आपण, वडील, दोन मुले आणि भाऊ असे पाच जण बसलात, तर मात्र ती आठ-नऊ सेंटिमीटर खाली जाईल, आणि मुले एका बाजूला पक्षी पाहायला सरकली की काठ पाण्याजवळ येईल. पाच जण त्या होडीत बसवूच नयेत.

वेगाच्या मोहात पडू नका. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो: फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की नॉटमधला (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) आकडा मिळतो. त्या हिशेबाने १३ फुटीचा वेग तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास अडतो आणि १८ फुटीचा साडेदहाच्या. जाळी दोन किलोमीटरवर असतील तर फरक जेमतेम दोन मिनिटांचा. रिकामी, सपाट तळाची होडी इंजिनाच्या जोरावर पाण्यावर उचलली जाऊन जास्त पळेल. भरलेल्या १८ फुटीकडून ८ अश्वशक्तीवर ती अपेक्षा धरू नये.

भीमाकाठची

दादा, आमचे घर भिगवणच्या अलीकडे आहे. आम्ही दोघे नवरा-बायको मासेमारी करतो. मुलींच्या शिक्षणासाठी वर्षातले काही महिने मी पुण्यात असते. वरच्या उत्तरातला हिशेब पटला, पण त्यात चिखल आला नाही.

उजनीचा साठा ११७ टीएमसीचा म्हणतात, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे तळाचे राखीव पाणी, आहे. धरण भरलेले असते तेव्हा पाणी बांधाला लागते आणि कोणतीही होडी चांगलीच वाटते. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरले, की काठ रोज मागे सरकतो, पळसदेवचे जुने देऊळ वर येते, आणि आपली होडी काल जिथे तरंगत होती तिथे आज गुडघाभर गाळात बसलेली दिसते. १३ फुटी होडी आम्ही दोघे मिळून ओढतो; एकटा माणूस लाकडाचे ओंडके खाली घालून, थांबत थांबत, तिला पाण्यात नेऊ शकतो. १८ फुटीला पाच-सहा जण लागतात. पहाटे चार वाजता हे पाच-सहा जण कोणाच्या घरून बोलवायचे? तुमचे भाऊ “तू म्हणशील तसं” म्हणतात, त्यामागे मला हेच दिसते. पैसे घालणाऱ्या भावाला नाही म्हणणे अवघड असते.

होडी ओढायचीच नाही, आत खोलात नांगरून ठेवायची, असेही करता येते. मग तिच्यापर्यंत जायला दुसरी लहान होडी लागते किंवा थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून जावे लागते, आणि इंजिन रोज काढून घरी आणावे लागते. आमचे इंजिन एका रात्री गेले ते गेलेच. आठ अश्वशक्तीचे इंजिन पंचवीस-तीस किलोंचे तरी असते. ते खांद्यावर घेऊन गाळातून चालण्याचा अनुभव एकदा घ्या आणि मग ठरवा.

जलपर्णीचेही लक्षात असू द्या. वारा फिरला की तिचे हिरवे बेट रातोरात येऊन जाळ्यांवर बसते. इंजिनाचा पंखा त्यात गेला की मुळ्यांचा गुंडाळा होऊन इंजिन बंद पडते. ते वर उचलून, कोयत्याने मुळ्या कापून पुन्हा सुरू करायचे, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. पाणी उतरले की बाभळीची खोडे, विहिरींचे काठ, जुन्या घरांच्या भिंती पाण्याच्या थोड्याच खाली असतात आणि पहाटेच्या अंधारात त्या पंख्यालाच आधी सापडतात. त्यामुळे इंजिन असो वा नसो, वल्ही हवीतच. मग एकट्या माणसाला अडीच किलोमीटरवरून कोणती होडी वल्हवत आणता येईल, हा प्रश्न उरतो. पावसाळी वाऱ्यात, समोरून लाटा येत असताना, १८ फुटी होडी एका माणसाच्या वल्ह्यांना दाद देत नाही.

आणि एक स्पष्टच विचारते, राग मानू नका. ही होडी तुमच्या रविवारची आहे की भावाच्या रोजची? दोन्हीची म्हणाल, तर आठवड्यातले सहा दिवस कोण पाण्यावर असतो, ते मोजा.

पक्षी दाखवायच्या उत्पन्नाचा विचार तर तूर्त बाजूलाच ठेवा. मासेमारीचा परवाना म्हणजे प्रवासी नेण्याची परवानगी नव्हे. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा माणसे गेली. त्या संध्याकाळी आम्ही काठावर होतो. वारा इतक्या अचानक उठला की, बाहेर वाळत घातलेली जाळी गोळा करायलाही सवड मिळाली नाही.

हर्णैकर (सध्या कोथरूड)

मी समुद्रावरचा माणूस. आमच्याकडे मोठी होडी म्हणजे बरी होडी, यावर कोणी वाद घालत नाही, कारण तिथे लाट लांब येते, होडीवर माणसे चार-सहा असतात आणि बंदर असते. धरणाचे पाणी वेगळे. तिथली लाट उंचीने कमी, पण आखूड आणि लागोपाठ येणारी. लहान होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एका लाटेवरून उतरते न उतरते तोच दुसरी लाट पुढ्यात असते, आणि काठ बुटका असेल तर प्रत्येक लाट ओंजळभर पाणी आत टाकून जाते. उजनीचा फुगवटा लांबलचक पसरलेला असल्याने वाऱ्याला लाट वाढवायला मोकळे अंतरही भरपूर मिळते. त्यामुळे “धरण तर आहे, समुद्र थोडाच आहे” असे कोणी म्हणाले, तर त्याचे ऐकू नका.

वाऱ्याबद्दल ताईंनी लिहिले आहे, त्यात एक भर घालतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. १८ फुटी होडीची वाऱ्याला लागणारी बाजू १३ फुटीच्या जवळजवळ दुप्पट आहे. इंजिन चालू असेपर्यंत याचे काही वाटत नाही. बंद पडले की होडी वाऱ्याला आडवी फिरते आणि एकटा माणूस काही करू शकत नाही. म्हणून मोठी घ्याल तर नांगर आणि खोलीच्या निदान पाचपट दोर होडीत कायम ठेवा. नाळेवरून नांगर टाकला की होडी वाऱ्याला तोंड देऊन उभी राहते. निदान उलटत नाही. नांगर चुकूनही मागच्या बाजूने टाकू नये, कारण लाट मागच्या बुटक्या फळीवरून थेट आत येते.

आकार कोणताही ठरवा, वापरलेले फायबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. होडी पालथी घालून रुपयाच्या नाण्याने तळावर इंच-इंचावर टकटक करा. चांगले फायबर खणखणीत वाजते. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. वरच्या गुळगुळीत थरावर चांदणीसारख्या तडा दिसल्या, तर तिथे कधीतरी दगडाचा मार बसला आहे. इंजिन बसवायच्या फळीत बहुधा आत प्लायवूड असते. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते आतल्या आत कुजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन लावलेले असताना त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा; फळी किंचित जरी वाकली, तर ती होडी सोडून द्या.

सर्वांत महत्त्वाचे: फायबर स्वतः तरंगत नाही, ते पाण्यापेक्षा जड असते. होडी तरंगते ती तिच्या पोकळीमुळे, आणि पाण्याने भरल्यावर ती तरंगत राहील की तळाला जाईल, हे बाकड्यांखालच्या बंद कप्प्यांवर किंवा तिथे भरलेल्या फोमवर अवलंबून असते. विकणाऱ्याला सांगा, कमरेइतक्या पाण्यात ती काठोकाठ भरायची आहे. भरल्यावरही काठ पाण्याबाहेर राहिला आणि दोन माणसे धरून राहू शकली, तर ती घेण्यालायक. पत्र्याच्या होडीची सवय असलेल्या माणसाला ही परीक्षा अनावश्यक वाटते, म्हणून आग्रहाने सांगतो.

हडपसरकर

सर्वांचे मनापासून आभार. ताईंच्या प्रश्नाचा राग आला नाही. थोडी लाज मात्र वाटली. काल भावाला फोन केला आणि कोणती होडी घ्यायची हा विषय न काढता फक्त एवढेच विचारले की, उन्हाळ्यात मोठी होडी पाण्यात कशी न्यायची. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, “ते तुझं झाल्यावर बघू म्हटलं होतं.” त्यानंतर पाऊण तास बोलला. इतके तो माझ्या लग्नातही बोलला नव्हता.

त्याचे म्हणणे असे. १३ फुटी त्याला पसंत आहे, पण तिची रुंदी त्याला खटकते. त्याची पत्र्याची होडी लांबीला तेवढीच असूनही पावणेपाच फूट रुंद आहे आणि त्या रुंदीवर त्याचे पाय वीस वर्षे बसलेले आहेत. दौंडच्या बाजूला एका ओळखीच्या माणसाकडे १४ फुटी, ४ फूट ९ इंच रुंद अशी होडी असल्याचे त्याने ऐकले आहे. ही रुंदी हिशेबात कुठे बसते, आणि तिला इंजिन लावायचे झाल्यास किती ताकदीचे पुरेल?

संगमावरचा वल्हेकरी

त्याच सूत्राने पाहिले तर १४ फुटी होडी आपल्या १३ फुटीपेक्षा सुमारे दीडपटीहून अधिक ताठ ठरते, आणि त्यातला एका फुटाच्या जादा लांबीचा वाटा किरकोळ आहे. जवळपास सगळी कमाई त्या सात इंचांच्या रुंदीची आहे. आपल्या भावाच्या पायांना जे कळले, ते मी कागदावर मांडले, इतकेच. मात्र तळ किती सपाट आहे, तेही पाहून घ्या. वर पसरट आणि पाण्याजवळ निमुळती अशी होडी असेल, तर काठावर मोजलेली रुंदी फसवी असते. रुंदी पाण्याच्या रेषेवर मोजावी.

भीमाकाठची

इंजिन पुढच्या वर्षी घ्या. पहिले वर्ष वल्ह्यांवर जाऊ द्या, म्हणजे होडीचा स्वभाव कळतो. नंतर घ्यायचे झाले तर चार-पाच अश्वशक्तीचे पुरे. ते एका हाताने उचलून घरी आणता येते. होडीला इंजिन लागले की तिची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येते, त्यामुळे खरेदीची पावती आणि इंजिनाचा क्रमांक आधीच नीट लिहून घ्या. आणि मोठ्या होडीबद्दल आणखी एक गोष्ट राहिली होती: काठावर अठरा फुटी होडी दिसली की ही वडाप (लहान मासेही पकडणारे बारीक आसाचे जाळे) ओढायला आणली आहे का, असा संशय लोक घेतात. लहान मासे मारणाऱ्यांवरून संस्थेत आधीच भांडणे आहेत.

वडिलांना जुनी जागा दाखवायची असेल, तर मे महिन्यात होडीही लागणार नाही. पाणी उतरले की बरीचशी वाट चालत जाता येते. बूट मात्र घरी ठेवा.

हर्णैकर (सध्या कोथरूड)

दौंडची होडी पाहायला जाल तेव्हा भावालाच तिच्यात उभे करा, आपण काठावर थांबा. त्याने एका काठावर ओणवे होऊन पाण्यात हात कोपरापर्यंत घालावा, जाळे ओढताना घालतो तसा. आत पाणी आले नाही, तर पुढची टकटक सुरू करा. पाण्याने भरून पाहताना बाकड्याखालच्या कप्प्यांची झाकणे घट्ट लावली आहेत ना, तेवढे आधी पाहा; एकदा दापोलीत आम्ही ती लावायला विसरलो आणि चांगली होडी नापास करून परत आलो.

हडपसरकर

येत्या रविवारी जातो आहोत. वडीलही येतो म्हणाले आहेत. खडू, टेप आणि रुपयाचे नाणे पिशवीत टाकले आहे. भावाने फक्त टॉवेल आणायला सांगितले आहे.